गाठीची रोजकीर्द

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिला आहे.)



आजवर या कट्ट्यावर मी जे काही बोललो ते नॉमिनेशन, मृत्युपत्र, लॉकर आणि मुदत ठेवींचे व्याज या विषयांवर. त्यामुळे खालच्या फळ्यावर ‘मृदू ऊतींचा कर्करोग आणि जनुकांची तपासणी’ असा विषय आणि त्याखाली माझे नाव बघून दोघातिघांनी मला लिफ्टमध्येच गाठले. साहेब, बँक सोडून दवाखाना कधी काढलात? तर दवाखाना काढलेला नाही. मी साधा बी.कॉम. माणूस, चौतीस वर्षे बँकेत काढली. पण गेली चार वर्षे आमच्या कुटुंबात हा आजार मुक्कामाला आहे. सुरुवातीला रिपोर्ट हातात यायचे आणि त्यातला एक शब्द कळायचा नाही. मग वाचायला लागलो, विचारायला लागलो. बी विंगमधल्या डॉक्टर सूनबाई पॅथॉलॉजिस्ट आहेत हे आपल्याला माहीत आहेच. त्यांना किती वेळा जिन्यात थांबवून प्रश्न विचारले असतील याची गणती नाही. आजचे टिपण त्यांनी आधी वाचले आहे. म्हणजे चेकवर दुसरी सही झालेली आहे, पैसे द्यायला हरकत नाही.

कर्करोग म्हटला की आपल्याला तोंडाचा, स्तनाचा, फुप्फुसाचा, आतड्याचा आठवतो. हे बहुतेक सगळे शरीराच्या अस्तरातून सुरू होणारे. पण अस्तराच्या आत भरावही असतो ना? स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, नसांची आवरणे, स्नायूबंध. या सगळ्यांना मिळून मृदू ऊती म्हणतात आणि त्यांच्या कर्करोगाला सार्कोमा. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस, त्यावरून हे नाव पडले. सुश्रुतसंहितेत ‘मांसार्बुद’ असा शब्द आहे. पण तेवढ्यावरून ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असे म्हणायची घाई करू नये. गाठ बघून नाव देणे वेगळे आणि ती कशामुळे झाली हे कळणे वेगळे.

हा आजार दुर्मिळ आहे. मोठ्या माणसांच्या कर्करोगांत शंभरात जेमतेम एक. आणि अंगावर येणाऱ्या गाठींपैकी तर बहुसंख्य निरुपद्रवी. चरबीच्या गाठी आपल्यातल्या किती जणांच्या हातावर, पाठीवर असतील. तेव्हा आज घरी जाऊन आरशासमोर उभे राहून घाबरून जाऊ नका. पण दुर्मिळ असण्यातच या आजाराची अडचण आहे. त्याचे पन्नासहून अधिक प्रकार आहेत. म्हणजे आधीच शंभरात एक आणि त्यातही पन्नास पोटजाती. एखाद्या गावातल्या डॉक्टरांना आख्ख्या कारकिर्दीत यातला विशिष्ट प्रकार एकदाही दिसणार नाही. बँकेत नाही का, शाखेतल्या कॅशियरला आयुष्यात एकदा येनची नोट कुणी आणून दिली तर तो ती खरी की खोटी कसे सांगणार?

बरे, सूक्ष्मदर्शकाखाली तरी ओळखता यावे. पण यातल्या अनेक गाठींच्या पेशी दिसतात एकसारख्या, चरख्याच्या चातीसारख्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या. रिपोर्टमध्ये ‘स्पिंडल सेल’ असे लिहितात ते यांनाच. स्नायूची गाठ तशी, नसेच्या आवरणाची तशी, आणि आणखी पाच-सहा तशाच. आता आमच्या बँकेत जी रक्कम कुठल्या खात्यात घालावी ते कळत नाही, ती सस्पेन्स खात्यात घालतात. संध्याकाळी ताळेबंद जुळला पाहिजे ना! पॅथॉलॉजीतही असे एक सस्पेन्स खाते अनेक वर्षे चालले. ‘मॅलिग्नंट फायब्रस हिस्टिओसायटोमा’ असे त्याचे भारदस्त नाव. कुठेच न बसणाऱ्या कितीतरी गाठी त्या नावाखाली जमा होत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून २०१३ साली ते नावच काढून टाकले. ते खाते तपासायला ज्या गोष्टी कामी आल्या त्यांतली एक म्हणजे आजचा आपला विषय, जनुक अभिव्यक्तीची तपासणी. इंग्रजीत जीन एक्स्प्रेशन प्रोफायलिंग म्हणतात ते हे.

शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचे तेच एक पुस्तक असते. त्यात प्रथिने कशी बनवायची याची सुमारे वीस हजार कलमे, म्हणजे जनुके. डोळ्याच्या पेशीतही तेच पुस्तक, टाचेच्या पेशीतही तेच. मग डोळा डोळा का आणि टाच टाच का? कारण प्रत्येक पेशी त्यातली ठरावीक कलमेच वापरते, बाकीची मिटून ठेवते. बँकेच्या प्रत्येक शाखेत मुख्य कार्यालयाने पाठवलेले नियमांचे तेच जाडजूड पुस्तक असते. नरिमन पॉइंटच्या शाखेतही तेच आणि आटपाडीच्या शाखेतही तेच. पण ती शाखा शेतीकर्जाची आहे की परकीय चलनाची, हे पुस्तक वाचून कळणार नाही. त्यासाठी त्या दिवसाची रोजकीर्द उघडावी लागते. कुठल्या कलमाखाली किती व्हाउचर फाटले, ते बघावे लागते.

पेशीतही व्हाउचर असते. त्याला एमआरएनए म्हणतात. एखादे जनुक चालू झाले की आधी त्याची ही चिठ्ठी निघते आणि मग त्या चिठ्ठीवरून प्रथिन बनते. चिठ्ठ्या जास्त तर ते जनुक जोरात चालू, चिठ्ठी नाही तर बंद. गाठीचा तुकडा घेऊन त्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम मोजायच्या, म्हणजे गाठीची रोजकीर्द वाचायची. एवढेच हे तंत्र.

एकदम हजारो चिठ्ठ्या मोजायच्या कशा? १९९५ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. आपल्या लॉबीतल्या लेटर बॉक्सची भिंत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक फ्लॅटचा एक डबा. समजा पोस्टमनने सगळी पत्रे हवेत उधळली आणि प्रत्येक पत्र आपोआप आपल्याच डब्यात जाऊन पडले, तर कुणाकडे किती पत्रे येतात ते एका नजरेत दिसेल. (आमच्याकडे फक्त वीजबिल.) तसेच, काचेच्या छोट्या पट्टीवर हजारो ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यात एकेका जनुकाचा ओळखीचा तुकडा चिकटवलेला. गाठीतल्या चिठ्ठ्यांच्या प्रती काढून त्यांना चमकणारा रंग लावायचा आणि पट्टीवर सोडायचे. प्रत्येक प्रत फक्त आपल्या जोडीच्या तुकड्याला चिकटते. जो ठिपका जास्त चमकला ते जनुक जास्त चालू. आता पट्टीऐवजी चिठ्ठ्या थेट वाचून मोजणारी यंत्रे आली आहेत, पण तत्त्व तेच.

याचा कर्करोगाच्या निदानासाठी उपयोग होतो हे ठळकपणे दिसले १९९९ मध्ये. तेही सार्कोमात नव्हे, रक्ताच्या कर्करोगात. रक्ताच्या तीव्र कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार, दोन्हींचे उपचार वेगळे. टॉड गोलब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ रुग्णांच्या नमुन्यांवरून ५० जनुकांची यादी काढली आणि ती घेऊन ३४ नवे नमुने तपासले. त्यातल्या २९ नमुन्यांत यादीने ठाम उत्तर दिले आणि ते सगळे बरोबर निघाले. उरलेल्या पाचांत यादी म्हणाली, मला खात्री नाही. मला विचाराल तर या पाचांबद्दल मला जास्त आदर वाटतो. खात्री नसताना ‘खात्री नाही’ म्हणणारा अधिकारी बँकेतही फार थोड्यांना भेटतो.

मग २००१ मध्ये जावेद खान यांच्या गटाने मुलांमध्ये होणारे चार कर्करोग घेतले. चारही सूक्ष्मदर्शकाखाली एकच दिसतात, छोट्या गोल निळ्या पेशी. त्यातले इविंग सार्कोमा आणि रॅब्डोमायोसार्कोमा हे आपल्या विषयातले. ९६ जनुकांवरून ते वेगळे ओळखता आले. आणि २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्टॅनफर्डच्या टॉर्स्टन नील्सन, मॅट व्हॅन द राइन वगैरे मंडळींचा ४१ मृदू-ऊती गाठींचा अभ्यास आला. संगणकाला कुणी सांगितले नव्हते की ही गाठ अमुक आणि ती तमुक. त्याला फक्त रोजकीर्दी दिल्या आणि सांगितले, ज्या सारख्या त्या शेजारी ठेव. सायनोव्हियल सार्कोमा सगळे एका जागी आले. पोट-आतड्याच्या ‘जिस्ट’ नावाच्या गाठी एका जागी आल्या. नसांच्या गाठी वेगळ्या बसल्या. आणि ते सस्पेन्स खाते? त्यातल्या गाठींचा वेगळा असा गट झालाच नाही, त्या चरबीच्या आणि स्नायूच्या काही गाठींमध्ये मिसळून गेल्या. म्हणजे नाव एक होते, पण नावामागे एकच आजार होता असे काही दिसेना.

आता कुणी म्हणेल, नाव बदलले म्हणून रोग्याला काय फरक पडतो? जिस्टचेच उदाहरण घ्या. पूर्वी या गाठी पोटाच्या स्नायूच्या कर्करोगात धरत. त्यांच्यावर नेहमीच्या केमोथेरपीचा काही उपयोग होत नसे. १९९८ मध्ये जपानमध्ये हिरोटा यांच्या गटाने दाखवले की यातल्या बहुतेक गाठींत ‘किट’ नावाचे जनुक बिघडून सतत चालू राहिलेले असते. रक्ताच्या एका कर्करोगासाठी तयार होत असलेले इमॅटिनिब हे औषध किटलाही आवर घालते. २००० साली फिनलंडमधल्या एका रुग्णाला ते दिले आणि गाठी आकसल्या. २००२ च्या सुरुवातीला अमेरिकेत जिस्टसाठी त्याला मान्यता मिळाली. म्हणजे आता ‘ही जिस्ट आहे’ हे ओळखण्याला सोन्याची किंमत आली. पण थोड्या जिस्ट अशा असतात की किटचा रंग त्यांच्यावर चढत नाही. तिथे पुन्हा रोजकीर्द उपयोगी पडली. स्टॅनफर्डच्याच मंडळींना जिस्टमध्ये हटकून चालू असणारे एक अनोळखी जनुक सापडले. २००४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि नाव ठेवले डॉग-वन. कुत्र्याचा काही संबंध नाही, ‘जिस्टवर सापडलेले पहिले’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. आज मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत डॉग-वनचा रंग लावून जिस्ट ओळखतात.

बँकेचा माणूस आहे, म्हणून किमतीचे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. याच इमॅटिनिबच्या एका स्वरूपाच्या पेटंटवरून नोव्हार्टिस कंपनीचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीच्या विरुद्ध निकाल लागला. कंपनीचे औषध महिन्याला लाखाच्या वर, तर भारतीय कंपन्यांचे आठ-दहा हजारांच्या आसपास, असे आकडे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. निदान अचूक होणे आणि औषध परवडणे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच ताळेबंद लागतो.

आता आमच्या घरचे. पुतण्याची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, ‘‘अण्णाकाका, सगळं सांगा, फक्त नाव नको.’’

माझा धाकटा भाऊ सांगली जिल्ह्यात असतो. त्याचा मुलगा तेव्हा सत्तावीस वर्षांचा. गुडघ्याच्या मागे लिंबाएवढी गाठ, दीड-दोन वर्षे होती. हळूहळू वाढत होती, कधी दुखायची, कधी नाही. मोटारसायकलवरून पडला होता तेव्हाची असेल असे सगळ्यांनी ठरवून टाकले. तिथल्या एका सर्जनांनी चरबीची गाठ म्हणून भूल देऊन अर्ध्या तासात काढली. आधी एमआरआय नाही, सुईने तुकडा घेऊन तपासणी नाही. निदान काढलेली गाठ त्यांनी प्रयोगशाळेत पाठवली, एवढे मात्र चांगले केले. रिपोर्ट आला, ‘स्पिंडल सेल ट्यूमर, पुढील तपासणी आवश्यक’. दुसऱ्या ठिकाणी दाखवले, ते म्हणाले नसेच्या आवरणाचा कर्करोग असावा. तिसऱ्यांनी लिहिले, स्नायूचा असू शकेल. भावाचा रात्री अकराला फोन. ‘‘अण्णा, तिघं तीन सांगतायत. आता कुणाचं ऐकायचं?’’

सूनबाईंनी विचारले, ब्लॉक कुठे आहे? मला ब्लॉक म्हणजे फ्लॅट एवढेच ठाऊक. त्यांनी सांगितले की काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून छोट्या वड्या करतात, त्याला ब्लॉक म्हणतात. काचपट्ट्या त्यातूनच कापतात. कागदावरचा रिपोर्ट म्हणजे मत, ब्लॉक म्हणजे मूळ दस्तऐवज. मत दहा जणांचे घेता येते, पण दस्तऐवज एकच. मी तडक सांगलीला गेलो. पहिल्या प्रयोगशाळेत ‘शोधून ठेवतो, पुढच्या आठवड्यात या’ असे उत्तर मिळाले. चौतीस वर्षे रेकॉर्ड रूम बघितली आहे, ‘शोधून ठेवतो’चा अर्थ मला कळतो. तिथल्या बाकावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ब्लॉक आणि अकरा काचपट्ट्या मिळाल्या. नंबर जुळवून, पोच देऊन घेतल्या आणि मुंबईतल्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात जमा केल्या.

तिथे त्यांनी बारा-तेरा रंग लावून पाहिले. त्यातला एक होता टीएलई-वन. हाही रोजकीर्दीतूनच आलेला. सायनोव्हियल सार्कोमाच्या गाठी जेव्हा एका जागी गोळा झाल्या, तेव्हा त्यांच्यात कुठले जनुक ठळक चालू आहे हे शोधले गेले. टीएलई-वन वर आले आणि २००७ च्या सुमारास त्याचा रंग म्हणून उपयोग सिद्ध झाला. पुतण्याच्या गाठीवर तो गडद चढला. पण हा रंग नसेच्या काही गाठींवरही थोडाफार चढतो. म्हणून त्यांनी तेवढ्यावर सही केली नाही. सायनोव्हियल सार्कोमात एक्स गुणसूत्राचा तुकडा आणि अठराव्या गुणसूत्राचा तुकडा यांची अदलाबदल झालेली असते. ती तुटफूट दाखवणारी ‘फिश’ नावाची चाचणी केली. ती सापडली. निदान पक्के झाले. (सायनोव्हियल हे नाव सांध्याच्या अस्तरावरून पडले, पण ही गाठ त्या अस्तरातून येत नाही. चुकीच्या नावाने उघडलेले खाते पन्नास वर्षे तसेच चालू राहते, तसेच हे.)

नावाने काय फरक पडला तर हा : सायनोव्हियल सार्कोमा आयफॉस्फामाइड या औषधाला इतर अनेक सार्कोमांपेक्षा बरा प्रतिसाद देतो. त्यामुळे केमोचा निर्णय झाला. आधीच्या शस्त्रक्रियेत कडा राहिल्या होत्या, म्हणून त्याच जागी पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, मग रेडिएशन. पाय वाचला. थोडा लंगडतो. लग्न मोडले होते, ते दुसरीकडे जमले. ठरावीक महिन्यांनी छातीचा सीटी स्कॅन असतो, कारण हा आजार गेला तर बहुधा फुप्फुसात जातो, आणि सायनोव्हियल सार्कोमा कित्येक वर्षांनीही परत येऊ शकतो. स्कॅनच्या आदल्या रात्री भाऊ झोपत नाही, मीही नाही. आतापर्यंतचे सगळे चांगले आले आहेत.

लक्षात घ्या, पुतण्याच्या गाठीची संपूर्ण रोजकीर्द कुणी वाचली नाही. तसे करायची गरजही पडली नाही. परदेशातल्या प्रयोगशाळेत लाखो रुपयांच्या यंत्रावर जे वाचले गेले, त्यातून एक ओळ निवडून तिचा साधा रंग बनला, आणि तो काही हजारांत आमच्यापर्यंत पोचला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात मोठी गोष्ट हीच वाटते.

हे झाले ओळखण्याचे. आता भविष्य सांगण्याचे. भाऊ डॉक्टरांना सारखा एकच प्रश्न विचारायचा, ‘‘परत येईल का?’’ आपणही विचारू. सार्कोमा किती आक्रमक आहे हे ठरवायला फ्रान्समधली एक श्रेणीपद्धत जगभर वापरतात. पेशी किती बिघडल्या, किती वेगाने दुभंगतायत, गाठीचा किती भाग मेलेला आहे, हे बघून एक, दोन, तीन अशी श्रेणी देतात. एक म्हणजे सौम्य, तीन म्हणजे जहाल. दोनवाला अधांतरी. बॉर्डो शहरातल्या फ्रेडरिक शिबों यांच्या गटाने २०१० मध्ये ६७ जनुकांची एक यादी काढली, तिचे नाव सिन्सार्क. ही सगळी जनुके पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी नीट होते की नाही याच्याशी संबंधित. १८३ गाठींवरून यादी बेतली आणि वेगळ्या १२७ गाठींवर तपासली. आजार दुसरीकडे पसरणार का, याचा अंदाज तिने श्रेणीपेक्षा चांगला दिला, आणि त्या अधांतरी दोनवाल्यांचीही विभागणी केली. सुरुवातीला यासाठी ताजी गोठवलेली गाठ लागे, नंतर मेणातल्या ब्लॉकवरही ती चालावी अशी पद्धत बसवली गेली.

पण अंदाज म्हणजे काय हे बँकवाल्याकडून समजून घ्या. आपला सिबिल स्कोअर असतो. साडेपाचशे स्कोअरवाल्या शंभर लोकांत कर्ज थकवणारे जास्त निघतील, हे तो सांगतो. समोर बसलेले गणपतराव थकवतील का, हे तो सांगत नाही. मी कमी पत असलेल्या माणसांना कर्जे दिली आहेत आणि पै न् पै परत आलेली पाहिली आहे. उलटही पाहिले आहे. सिन्सार्कचेही तसेच. शिवाय आजार पसरण्याचा धोका जास्त आहे हे कळणे आणि केमो दिल्याने तो कमी होईल हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट फक्त रुग्णांवरच्या रीतसर चाचण्यांतूनच कळते, आणि तशा चाचण्या फ्रान्समध्ये हाती घेतल्या गेल्या.

रीतसर का म्हणतो, ते सांगतो. सार्कोमाबाहेरचे उदाहरण आहे, पण तंत्र हेच. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून एक शोधनिबंध आला. गाठीची रोजकीर्द वाचून कुठले केमो औषध लागू पडेल ते सांगता येते, असा दावा. जगभर गाजला. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातले कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स हे दोघे संख्याशास्त्रज्ञ ते गणित पडताळायला बसले. उत्तर जुळेना. खणत गेले तेव्हा कळले, काही याद्यांत जनुकांची नावे एक ओळ खाली सरकली होती! एक्सेलमध्ये शीर्षकाची ओळ धरली-सोडली की होते ना, तसे. काही ठिकाणी तर ‘औषध लागू’ आणि ‘औषध लागू नाही’ हे शिक्केच उलटे लागले होते. तोवर त्या आधारावर खऱ्या रुग्णांवर चाचण्या सुरूही झालेल्या. २०१० मध्ये त्या थांबवल्या, नंतर निबंध मागे घेतला गेला, आणि पुढे अमेरिकन सरकारच्या चौकशीत हा नुसता गोंधळ नसून आकड्यांत गैरप्रकार होता असा निष्कर्ष निघाला.

ही हकिगत मी वाचली तेव्हा रात्रभर डोक्यात घोळत होती. बॅलन्स एका पैशाने चुकला तर आम्ही रात्री दहापर्यंत शाखेत बसत असू. घरी बोलणी खायचो. इथे ओळ सरकली आणि माणसांच्या शरीरात जाणारे औषध बदलले. आणि ती सापडली कशी? कुणी मोठा शोध लावून नव्हे, तर दोन माणसांनी चिकाटीने खतावणी पडताळून. त्यानंतर अमेरिकेत नेमलेल्या समितीने २०१२ मध्ये सांगितले की अशी चाचणी रुग्णावर वापरण्यापूर्वी तिचे गणित कुलूपबंद करा आणि वेगळ्या नमुन्यांवर, शक्यतो तिऱ्हाईताकडून तपासून घ्या. आमच्याकडे याला मेकर-चेकर म्हणतात. एंट्री करणारा आणि पास करणारा एकच माणूस नको.

आता आपल्या कामाचे थोडे. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, वाढत असेल, खोल स्नायूत असेल, किंवा एकदा काढून पुन्हा आली असेल, तर कापायच्या आधी एमआरआय आणि सुईने तुकडा घेऊन तपासणी झालीच पाहिजे. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, यातल्या कित्येक दुखत नाहीत. कुठलीही काढलेली गाठ, कितीही साधी वाटली तरी, प्रयोगशाळेत गेली का ते विचारावे. आणि रिपोर्टमध्ये सार्कोमा हा शब्द आला, तर ब्लॉक घेऊन जिथे असे रुग्ण नेहमी पाहतात तिथे दुसरे मत घ्यावे. यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. फ्रान्समध्ये ३८४ सार्कोमा रुग्णांचे निदान आधी तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टनी केले आणि मग जनुकांच्या चाचण्या केल्या, तर ५३ जणांचे निदान बदलले. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झाले आहे. तज्ज्ञांचे ही स्थिती, मग आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांना काय बोल लावायचा?

भाषणानंतर जे प्रश्न आले त्यांतले दोन इथे देतो. सी विंगच्या वहिनींनी विचारले, हे रक्त तपासून कळत नाही का? सार्कोमाच्या निदानासाठी आजही गाठीचा तुकडाच लागतो. रक्तावर काम चालू आहे. दुसरा प्रश्न आपल्या खजिनदारांचा, अपेक्षेप्रमाणे पैशाचा. संपूर्ण जनुक अभिव्यक्ती तपासणी करून घ्यावी का? सूनबाईंचे उत्तर असे, की सार्कोमासाठी ती अजून नेहमीच्या तपासण्यांत आलेली नाही. आधी चांगल्या ठिकाणी रंग आणि फिश, त्यातूनही अडले तर आरएनए वाचून जनुकांची जोडतोड शोधणाऱ्या चाचण्या मोठ्या शहरांत मिळतात, त्या डॉक्टर सांगतील तेव्हा कराव्या. जाहिरात बघून स्वतःहून करू नयेत.

कुणाकडे जुने बायॉप्सीचे रिपोर्ट असतील आणि त्यातले शब्द कळत नसतील, तर सूनबाई दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते अकरा क्लब हाउसमध्ये बसायला तयार आहेत. येताना फक्त कागद आणावेत. ब्लॉक घरीच, उन्हापासून दूर, कोरड्या जागी ठेवावेत. आणि कृपया देव्हाऱ्याशेजारी समईच्या बाजूला ठेवू नयेत, ते मेणाचे असतात.